पीठ संपत आलंय, हे कुणाला माहीत असतं?

"उद्या डब्याला काय करू?" रात्री नऊच्या सुमारास हा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं, "काहीही कर, चालेल." उत्तर देणाऱ्याला वाटतं, आपण किती समजूतदार, खाण्यापिण्याचे नखरे म्हणून नाहीत. खरं तर निर्णय जिथून आला तिथेच त्याने परत पाठवलेला असतो. आता त्या 'काहीही'साठी विचारणारीला अख्खा फ्रीज आठवावा लागतो. अर्धा कोबी आहे, पण परवाच झाला. गवार आहे, पण निवडलेली नाही. धाकट्याचा उद्या खेळाचा तास, म्हणजे दोन डबे. सासऱ्यांच्या दातांचं काम चालू आहे, त्यांना मऊ काहीतरी हवं. आणि पीठ तळाला गेलंय, दळण टाकायला हवं. हे सगळं ओटा पुसता पुसता, मिनिटभरात उरकतं आणि कुणाला दिसतही नाही.

धावपळीच्या घराबद्दल बोलताना आपण बहुधा हातांच्या कामाबद्दल बोलतो. ते मोजताही येतं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर 'वेळेचा वापर' या विषयावर मोठी पाहणी केली. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, याची ती नोंद. त्यात दिसलं की दिवसभरात थोडंफार तरी घरकाम करणाऱ्या बायका ८१ टक्के आणि पुरुष २६ टक्के. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जात होती आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. ही सरासरी फक्त काम करणाऱ्यांची बरं का. जे काडीही इकडची तिकडे करत नाहीत ते या ८८ मध्ये धरलेलेच नाहीत.

डोक्यात चाललेलं काम मात्र घड्याळाला असं नीट सापडत नाही. ॲलिसन डॅमिंजर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी नेमका त्याचाच पाठपुरावा केला. जोडप्यांच्या सविस्तर मुलाखती घेऊन २०१९ साली त्यांनी जो शोधनिबंध लिहिला, त्यात या अदृश्य कामाचे चार टप्पे पाडले आहेत. आधी काहीतरी लागणार आहे याची चाहूल लागणं, मग पर्याय शोधणं, मग निर्णय घेणं आणि शेवटी ते झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. गंमत अशी की निर्णयाच्या टप्प्यावर नवरा-बायको बऱ्यापैकी बरोबरीने दिसले. शाळा कुठली, सोफा कुठला, यावर दोघंही हिरिरीने बोलतात. पण पहिला आणि शेवटचा टप्पा, म्हणजे चाहूल आणि पाठपुरावा, हे जास्त करून बायकांच्याच वाट्याला. मुलाच्या बुटाची किंमत ठरवायला बाबा असतात. बूट पायाला घट्ट होतोय हे मात्र आईलाच कळतं.

घर सोपं करण्याचे उपाय शेकड्यांनी सांगितले जातात. पण जे उपाय घराची आठवण एका डोक्यातून काढून भिंतीवर, डब्यात, एखाद्या ठरलेल्या वारात किंवा दुसऱ्या कुणाच्या डोक्यात नेऊन ठेवतात, तेच मला टिकाऊ वाटतात. बाकीचे चार दिवस चालतात आणि मग त्या उपायांचीच आठवण ठेवावी लागते.

हात आणि पाय वाचवण्याची विद्या तशी शंभर वर्षं जुनी आहे. आपल्याकडे लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० साली आलं. अमेरिकेत त्याच दशकात ख्रिस्टीन फ्रेडरिक कारखान्यातली वेळ-काटकसर स्वयंपाकघरात आणू पाहत होत्या. पावलं मोजायची, वस्तूंच्या जागा बदलायच्या, पुन्हा मोजायची. तिथल्याच लिलियन गिलब्रेथ या अभियंता आणि मानसशास्त्रज्ञ. बारा मुलांची आई. १९२४ साली नवरा गेल्यावर घर आणि व्यवसाय दोन्ही त्यांनी एकटीने चालवलं. पायाने उघडणारी कचऱ्याची बादली आणि फ्रीजच्या दारातले कप्पे यांचं श्रेय त्यांना दिलं जातं. त्यांना स्वतःला मात्र स्वयंपाकाची मुळीच हौस नव्हती, आणि कदाचित म्हणूनच त्यातला त्रास त्यांना इतका स्वच्छ दिसला असावा.

याच विचारातून १९२६ साली ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर रेखाटलं. साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, रेल्वेच्या भोजनयानातल्या चिंचोळ्या मुदपाकखान्यावरून बेतलेलं. तशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरं तिथे बसवली गेली. ठाण्या-डोंबिवलीच्या वन-बीएचकेमध्ये ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांना या मापाचं काही नवल वाटणार नाही. पण त्यामागचं तत्त्व ध्यानात ठेवण्यासारखं आहे. वस्तूची जागा तिच्या जातीवरून ठरवायची नाही, ती कुठे वापरली जाते त्यावरून ठरवायची. आपल्या मिसळणाच्या डब्याने हे कधीच ओळखलं होतं. मोहरी, जिरं, हळद, हिंग, तिखट यांची खरं तर काही भाऊबंदकी नाही. पण कढईत तेल तापलं की तीसेक सेकंदांत ती पाचही हाताशी लागतात, म्हणून ती एका झाकणाखाली नांदतात.

हेच चहाला लावून पाहा. चहा, साखर, आल्याची किसणी, गाळणं, कप, सगळं गॅसच्या एकाच बाजूला, आणि तेही दहा वर्षांच्या मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर. साखर वाण्याच्या सामानाच्या कपाटात, गाळणं मांडणीवर आणि आलं फ्रीजमध्ये असेल, तर चहा करणारा प्रत्येक जण "अगं, गाळणं कुठंय?" म्हणून हाक मारणारच. ही हाक म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावर टाकलेला छोटा कर आहे. दिवसात अशा किती हाका येतात, ते एखाद्या रविवारी ऐकावं. जिच्या नावाने हाक येते, तिला घरातली प्रत्येक वस्तू पाठ असावी लागते. वस्तू वापराच्या जागी ठेवली आणि डब्यावर नाव चिकटवलं की हाका निम्म्याने कमी होतात. रवा आणि इडलीरवा, मैदा आणि कॉर्नफ्लोअर, मूगडाळ आणि मुगाची सालाची डाळ यांच्यावर तर नाव हवंच. घरातल्या माहीतगाराला ते डबे आवाजावरूनही ओळखू येतात, पण प्रश्न तिचा नाहीच.

आता भिंतीकडे येऊ. मराठी घराचं खरं कचेरीचं दप्तर फ्रीजशेजारी खिळ्याला टांगलेलं असतं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली 'कालनिर्णय' काढलं ते तिथी-वार, सण-मुहूर्त सांगायला. घरातल्या बायकांनी त्याचं काय केलं? तारखेच्या चौकटीत दूध अर्धा लिटर जास्त आलं त्याची खूण, सिलिंडर लावला त्या दिवशी 'गॅस', मावशींच्या खाड्यावर फुली, इस्त्रीचे कपडे किती गेले तो आकडा. एकादशी आणि संकष्टीच्या मधल्या बोटभर जागेत घरखर्चाची अख्खी रोजवही मावते. आजी गेल्यावर तिची जुनी कालनिर्णयं चाळली, तर कुठल्या वर्षी कुणाच्या बारशाला काय दिलं तेही सापडतं.

मोबाइलमधली दिनदर्शिका वाईट नाही, पण ती एकाच्या खिशात असते. भिंतीवरचं सगळ्यांना दिसतं. न विचारता दिसतं, आणि हाच त्याचा मोठा गुण. फक्त एक शिस्त लागते. शाळेचे निरोप, सोसायटीचे निरोप, डॉक्टरांची वेळ, सगळं हल्ली व्हॉट्सॲपवर येतं आणि "ओके थँक यू मॅम"च्या पुराखाली वाहून जातं. गुरुवारी पिवळे कपडे घालून पाठवायचे, हे बुधवारी रात्री साडेदहाला कळतं ते त्यामुळेच. तेव्हा निरोप वाचणाऱ्याने तो त्याच मिनिटाला भिंतीवरच्या तारखेत उतरवायचा. उतरवला नाही तर तो घराला कळलेला नाही असं समजायचं. आणि रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या कुणीतरी उद्याची चौकट मोठ्याने वाचायची. हे काम सातवी-आठवीतल्या मुलांना फार आवडतं, कारण त्यात मोठ्यांना आदेश देण्याची संधी असते.

संपत आलेल्या सामानाची यादीही तिथेच. तिचा नियम वाण्याच्या दुकानातून उचलण्यासारखा आहे: माल संपल्यावर मागवायचा नाही, राखीव पुडा फोडला की मागवायचा. चहापत्तीचा शेवटचा पुडा जो फोडेल, त्यानेच यादीत 'चहा' लिहायचं. लिहिण्याची जबाबदारी फोडणाऱ्याची, घरच्या बाईची नव्हे. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा. दोन सिलिंडर असलेल्या घरात एक संपून दुसरा लावला त्याच दिवशी नोंदणी करायची. दुसरा निम्मा झाल्यावर नव्हे. ज्यांच्याकडे एकच आहे त्यांनी आपला सिलिंडर सरासरी किती दिवस जातो हे दोन-चार महिन्यांच्या खुणांवरून काढावं. ते उत्तर कालनिर्णयात आयतं लिहिलेलं असतं.

सकाळचा विषय सगळ्यात मोठा, म्हणून त्याच्यावर जरा रेंगाळू. सहा ते साडेआठ या अडीच तासांत डबे, नाश्ता, आंघोळी, पाणी, देवपूजा, बस आणि लोकल यांची एकच गर्दी उसळते. हे अडीच तास सुधारायचे असतील तर हात घालायचा तो आदल्या रात्रीत, आणि त्याहून जास्त म्हणजे आठवड्यात. भाजी रोज ठरवायची नाही, वार ठरवायचा. सोमवारी उसळ, मंगळवारी पालेभाजी, बुधवारी बटाट्याची किंवा फ्लॉवरची, गुरुवारी पिठलं किंवा डाळीची भाजी, शुक्रवारी फळभाजी. शनिवार-रविवार मोकळे. कुणी म्हणेल, हे मेससारखं झालं. होऊ दे. मेसमध्ये "उद्या काय" हा प्रश्न कुणालाच छळत नाही, आणि पालेभाजीत मेथी, चाकवत, शेपू, अंबाडी, लाल माठ असं पुष्कळ स्वातंत्र्य उरतंच.

सोमवारची उसळ म्हणजे शनिवारचं काम. मटकी शनिवारी सकाळी भिजवली, संध्याकाळी उपसून फडक्यात बांधली की रविवारी मोड आलेले दिसतात. थंडीत थोडा जास्त वेळ लागतो. मोड आले की डबा फ्रीजमध्ये. तिथे ते वाढायचे जवळजवळ थांबतात आणि दोन-तीन दिवस चांगले राहतात. छोले-राजमा मात्र रात्रभर भिजायला हवेत, तिथे घाई चालत नाही.

कुकर हे सकाळचं दुसरं हुकमी हत्यार. आत वाफेचा दाब वाढला की पाणी शंभरऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं, म्हणून वरणाला तासाऐवजी पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पण त्याचा खरा फायदा वेळेपेक्षा वेगळा आहे. कुकरकडे बघत उभं राहावं लागत नाही. तळाच्या भांड्यात डाळ, वरच्या भांड्यात भात आणि भाताच्या कडेने दोन बटाटे लावले की शिट्ट्या मोजण्याचं काम घरात कुणालाही देता येतं. शिट्टी उचलून जबरदस्तीने वाफ काढायची सवय मात्र सोडावी. झाकण पडेपर्यंत डाळ आतल्या वाफेवर आणखी शिजत असते, तेवढा गॅस फुकटचा वाचतो.

रात्री मळून ठेवलेल्या कणकेबद्दल घराघरात मतभेद आहेत. ती काळपट पडते हे खरं. गव्हातल्या काही घटकांचा हवेशी संयोग होऊन रंग बदलतो. वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवली तर हवा कमी लागते आणि सकाळच्या पोळ्या व्यवस्थित होतात. दुसऱ्या रात्रीपर्यंत मात्र रेटू नये. वाटणाचंही तसंच. कांदा-सुकं खोबरं भाजून वाटलेलं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलं, तर आठवड्याच्या तीन आमट्या बसल्या जागी होतात. ओल्या नारळाचा चव चटकन आंबतो, तो खवला की लगेच फ्रीजरमध्ये. दाण्याचं कूट बरणीभर करण्याचा मोह टाळावा. दाण्यातलं तेल आठ-पंधरा दिवसांत खवट व्हायला लागतं आणि मग साबुदाण्याची खिचडी कुणीच पुन्हा मागत नाही.

एका गोष्टीकडे आपल्याकडे फारसं लक्ष दिलं जात नाही, ती म्हणजे रात्रीचा उरलेला भात. सकाळी फोडणीचा भात म्हणजे धावपळीच्या घराला वरदान. पण तो रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेला नसावा. तांदळात बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि भात शिजवल्यावरही त्यातले काही तग धरतात. भात तासन् तास कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि उलट्या करायला लावणारं एक विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. त्यामुळे सकाळी खमंग फोडणी दिली, चांगला परतला, तरी ते जात नाही. उपाय अगदी सोपा आहे. जेवणं झाली की उरलेला भात पातेल्यात गच्च ठेवायचा नाही, परातीत पसरायचा. पसरलेला भात लवकर निवतो. तासाभरात डब्यात भरून फ्रीजमध्ये टाकायचा आणि सकाळी वापरून संपवायचा. रात्रीची आवराआवर करणारा जो कोण असेल, त्याचं हे काम.

पोळ्या घरीच झाल्या पाहिजेत, या हट्टापुढे मात्र मी हात टेकले आहेत. चार माणसांच्या घरात वीस पोळ्या, म्हणजे रोजचा पाऊण तास तव्यासमोर. शहरांत पोळी-भाजी केंद्रं गल्लोगल्ली आहेत, पोळ्या करायला येणाऱ्या मावशी आहेत. तरी "आमच्याकडे बाहेरची पोळी चालत नाही" हे वाक्य अभिमानाने म्हटलं जातं. बहुतेकदा ते म्हणणारा पोळ्या लाटत नसतो. विकतच्या जेवणात कमीपणा मानायचं मुंबईला तरी कारण नाही. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या गिरणी कामगारांना जेवू घातलं. सावकारी कर्जातून या बायकांना सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. कुणाच्या तरी घरच्या पोळीवरच हे शहर चाललं आहे.

घरी कामाला येणाऱ्या मावशींवर घराचा डोलारा उभा असेल, तर त्यांची सुट्टी हा अपघात मानू नये. आठवड्याची ठरलेली सुट्टी, सणाच्या सुट्ट्या, गावी जायचे दिवस हे आधी बोलून कालनिर्णयात लिहून टाकावेत आणि त्या दिवसांचा पगार कापू नये. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला आहे. मावशींची नोंदणी झाली आहे का, नसेल तर कागदपत्रांत आपण मदत करू का, हे विचारायला काही खर्च येत नाही. ठरलेल्या सुट्टीच्या घरात खाडे कमी होतात, असा माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांचा अनुभव आहे.

आता नाजूक भाग. बहुतेक घरांत पुरुष आणि मुलं 'मदत' करतात. मदत म्हणजे सांगितलेलं काम करणं. "अहो, येताना कोथिंबीर आणा" म्हटलं की कोथिंबीर येते, कधी जुडी पिवळी असते, पण येते. चाहूल, यादी, फोन करून आठवण आणि आल्यावर तपासणी हे सगळं सांगणाऱ्याकडेच राहतं. मंत्रिमंडळात कुणी खात्याला 'मदत' करत नाही, खातं सांभाळतो. घरातही खातेवाटपच व्हायला हवं. धुणं हे खातं बाबांनी घ्यायचं, तर साबणाची पावडर संपत आल्याचं पाहणं, गणवेश कुठल्या दिवशी लागतो ते जाणणं, मशीन लावणं, वाळत घालणं, पाऊस आला तर काढणं, घड्या करून कपाटात पोचवणं, सगळं त्यांच्याकडे. "आई, माझा पांढरा शर्ट कुठंय?" या हाकेला उत्तर बाबांनी द्यायचं. आईने उत्तर द्यायचं नाही, माहीत असलं तरी.

हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं. टॉवेलची घडी तीन पदरी की चार पदरी, यावरून खातं परत घेतलं जातं. "राहू दे, मीच करते" या वाक्याने आजवर किती खाती परत आली असतील! खातं देताना परिणामाचं बोलून घ्यावं: शुक्रवारी सकाळी सगळ्यांचे गणवेश स्वच्छ आणि कोरडे हवेत. घडी कशी, हे बोलायचं नाही. पहिला महिना शर्ट चुरगळलेला जाईल, एखादा मोजा हरवेल. शाळेत चुरगळलेला शर्ट घालून गेल्याने कुणाचं काही बिघडत नाही, हेही त्या महिन्यात कळतं.

मुलांना खाती वयानुसार. सहा-सात वर्षांचं पोर पानं मांडू शकतं, पाण्याच्या बाटल्या भरू शकतं. दहाव्या-अकराव्या वर्षी डबा धुऊन ओट्यावर ठेवणं आणि दप्तर भरणं पूर्ण त्याचं. पंधराव्या वर्षी कुकर लावता यायला हवा, मुलगा असला तरी. मुलगा असला तर जास्तच. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना मटार सोलण्यापुरतं धरू नये आणि दिवसभराचं पाळणाघरही समजू नये. बिलं, बँक, वर्तमानपत्राचा हिशेब, सोसायटीच्या सभा ही खाती आजोबा फार चोख सांभाळतात. दुपारची झोप मात्र त्यांची त्यांना मिळाली पाहिजे.

वर्षाची कामं हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यात आपले जुने लोक आपल्यापेक्षा हुशार होते. चैत्र-वैशाखात वाळवणं: पापड, कुरडया, सांडगे, शेवया. मे महिन्यात वर्षाचं तिखट आणि मसाला. कोकणात आणि मुंबईच्या कोळी-आगरी वस्त्यांत पावसाआधी आगोट भरायची पद्धत, म्हणजे सुकी मासळी, धान्य, सरपण सगळं मिरगाच्या आत घरात. धान्याला ऊन दाखवायचं ते त्यातली ओल जाऊन किडीला जागा राहू नये म्हणून. डाळींना एरंडेल चोळायचं तेही कीड लागू नये म्हणूनच. यातलं कुठलंही काम कुणाला 'आठवावं' लागत नसे. ऋतू आठवण करून देत असे.

फ्लॅटमध्ये वाळवण घालायला गच्ची नसेल, पण वर्षाची कामं ऋतूला बांधायची युक्ती तशीच चालते. शाळा सुटली की लहान झालेले गणवेश आणि बूट बाजूला. वळवाचा पहिला पाऊस पडला की छत्र्या-रेनकोट उघडून तपासायचे आणि धान्याच्या डब्यांची झाकणं पाहायची. गणपतीआधी माळा, दिवाळीआधी औषधांचा डबा, कारण त्यात मुदत संपलेली खोकल्याची बाटली हमखास असते. गॅसची नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी लागते. बदलली त्या दिवशीची तारीख ओट्याखालच्या दारावर आतून लिहून ठेवावी. सिलिंडरच्या मानेजवळच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात, ते त्याच्या पुढच्या चाचणीची मुदत सांगतात: ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर आणि आकडे वर्षाचे. मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत पाठवता येतो. गळतीसाठी १९०६ हा चोवीस तासांचा क्रमांक आहे. तो मोबाइलमध्ये नको, स्वयंपाकघराच्या भिंतीवर हवा.

त्याच भिंतीवर, किंवा फ्रीजच्या दारावर, एक कागद लावावा. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, मावशी, डॉक्टर, शाळेची बस, शेजारच्या काकू यांचे फोन. घरातल्या ज्येष्ठांची औषधं, किती आणि केव्हा. वीजबिलाचा ग्राहक क्रमांक. पाण्याची मुख्य चावी कुठे आहे. पाइप फुटल्यावर ही शेवटची माहिती फोनवर विचारायची वेळ येते, आणि ज्याला विचारायचं तो नेमका लोकलमध्ये असतो. विमा, मालमत्ता कराची पावती, जन्मदाखले, आधार-पॅन यांची एक फाइल. जे मिळेल ते डिजिलॉकरमध्येही. बँक खात्यांना नॉमिनीचं नाव लावलं आहे की नाही, हे दोघांनाही माहीत हवं.

कागद पुरेसा झाला की नाही, याची एक सोपी परीक्षा आहे. घराची आठवण जिच्या डोक्यात आहे तिने आठ दिवस माहेरी, बहिणीकडे किंवा मैत्रिणींबरोबर गणपतीपुळ्याला जायचं. आधी भाजी चिरून, पीठ दळून, सूचना लिहून ठेवायच्या नाहीत. तिथे असताना घरून जितके फोन येतील, तेवढ्या ओळी कागदात कमी आहेत. परतल्यावर त्या भरायच्या, आणि त्या तिने नव्हे, ज्याने फोन केला त्याने.